उपसागरातून गोंदियापर्यंत : पावसाळी न्यूनदाब आणि अतिवृष्टीचे अंदाज

महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील गोंदिया जिल्ह्याचा मोठा पाऊस बंगालच्या उपसागरातून येतो. जून ते सप्टेंबर या काळात उपसागराच्या उत्तर भागात एकामागून एक कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात, ओडिशाचा किनारा ओलांडतात आणि छत्तीसगडवरून पूर्व विदर्भ व मध्य प्रदेशाकडे सरकतात. एका मोसमात अशी सरासरी तेरा-चौदा क्षेत्रे बनतात. ती वेळेवर आली तर धानाची रोवणी उरकते आणि तलाव भरतात. दोन क्षेत्रांमध्ये फार अंतर पडले तर पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपे, पिवळे पडतात. एखादे क्षेत्र मध्य भारतावर रेंगाळले तर वैनगंगा आणि वाघ नदीचे काठ पाण्याखाली जातात. कोकणाप्रमाणे इथे डोंगराला अडून रोज पाऊस पडत नाही. वर्षभराच्या पावसाचा मोठा हिस्सा मोजक्या दिवसांत येऊन जातो. ते दिवस कोणते, हे आधी कळणे म्हणूनच या जिल्ह्याच्या शेतीचा आणि सुरक्षिततेचा मुख्य प्रश्न आहे.

भारतीय हवामान विभाग या प्रणालींची वर्गवारी वाऱ्याच्या वेगावर करतो. केंद्राभोवतीचा वारा ताशी ३१ किलोमीटरपेक्षा कमी असेल तर ते कमी दाबाचे क्षेत्र. ३१ ते ४९ असेल तर डिप्रेशन. ५० ते ६१ असेल तर तीव्र डिप्रेशन. आणि ६२ किंवा त्याहून अधिक झाला तर चक्रीवादळ. नाव फक्त या शेवटच्या पायरीवर मिळते. पावसाळ्यातील बहुतेक प्रणाली तिथवर पोहोचत नाहीत. या दिवसांत खालच्या थरात पश्चिमेकडून आणि बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून जोराचे वारे वाहतात. या ओढाताणीत वादळाचा उभा खांब टिकत नाही. शिवाय प्रणाली किनाऱ्याजवळच जन्मते, त्यामुळे समुद्रावर बळ धरायला तिला वेळ कमी मिळतो. सप्टेंबरमध्ये अपवाद घडतात. २१ सप्टेंबर २०१८ रोजी गोपालपूरजवळ किनाऱ्यावर आलेले ‘दाये’ आणि २६ सप्टेंबर २०२१ रोजी कलिंगपट्टणमच्या बाजूने आत शिरलेले ‘गुलाब’ ही अलीकडची दोन उदाहरणे. ‘गुलाब’चे अवशेष तेलंगण आणि महाराष्ट्र ओलांडून थेट अरबी समुद्रात गेले व तिथे ‘शाहीन’ या नावाने पुन्हा वादळ झाले.

वाऱ्याच्या वेगावर केलेली ही प्रतवारी किनाऱ्यासाठी उपयोगी आहे. तिथे छपरे, झाडे आणि होड्या वाऱ्यानेच जातात. सहाशे किलोमीटर आत असलेल्या गोंदियात वाऱ्याने फारसे बिघडत नाही, बिघडते ते पाण्याने. किती पाणी पडणार हे वाऱ्याच्या जोरापेक्षा प्रणालीच्या चालीवर ठरते. संथ चालणारे साधे कमी दाबाचे क्षेत्र वेगाने निघून जाणाऱ्या चक्रीवादळापेक्षा अधिक पाऊस देऊ शकते. २०२० च्या ऑगस्टने हे ठळकपणे दाखवले. त्या महिन्यात देशभरात सरासरीपेक्षा २७ टक्के जास्त पाऊस झाला. तरीही उपसागरातील एकही प्रणाली डिप्रेशनपर्यंत गेली नाही, सगळी कमी दाबाचीच क्षेत्रे होती. त्यांतले शेवटचे क्षेत्र महिन्याअखेरीस मध्य प्रदेशावर पोहोचले आणि वैनगंगेच्या खोऱ्याने अनेक वर्षांतला मोठा पूर पाहिला. त्या प्रणालीला नाव नव्हते, म्हणून तिची आठवण केवळ ‘२०२० चा पूर’ अशीच राहिली आहे.

पाऊस केंद्राच्या चहूबाजूंना सारखा पडत नाही, हे या प्रणालींचे दुसरे वैशिष्ट्य. त्या साधारणपणे पश्चिम-वायव्य दिशेने सरकतात आणि सर्वांत जोराचा पाऊस केंद्राच्या नैर्ऋत्येला होतो. प्रणालीचा अक्ष उंचीबरोबर नैर्ऋत्येकडे कललेला असतो. त्याच बाजूला अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाने भरलेले वारे येऊन मिळतात, हवा वर ढकलली जाते आणि ढग दाटतात. केंद्र उत्तर छत्तीसगड किंवा पूर्व मध्य प्रदेशावर आले की गोंदिया, बालाघाट आणि भंडारा नेमके या नैर्ऋत्य पट्ट्यात येतात. नकाशावर केंद्र दूर दिसते आणि झड मात्र आमगाव-सालेकसात लागलेली असते, ती यामुळे. बातम्यांमध्ये केंद्राचे ठिकाण ठळक छापले जाते. गोंदियाच्या वाचकाने आपण त्या केंद्राच्या कोणत्या बाजूला आहोत, हे आधी पाहायला हवे.

या साऱ्याला मोसमी पावसाच्या आसाची जोड असते. राजस्थानपासून उपसागरापर्यंत पसरलेला कमी दाबाचा हा लांब पट्टा दक्षिणेकडे, म्हणजे मध्य भारतावर असला की उपसागरातील प्रणाली त्याच वाटेने आत येतात. आस हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की मध्य भारतात पावसाचा खंड पडतो आणि आसाम, बिहारमध्ये पूर येतात. रोवणीच्या काळात हा खंड लांबला तर बांधीतले पाणी आटते. त्यामुळे ‘येत्या आठवड्यात आस उत्तरेकडे सरकण्याची शक्यता’ ही ओळ गोंदियाच्या शेतकऱ्यासाठी अतिवृष्टीच्या इशाऱ्याइतकीच मोलाची असते. मात्र ती ठळक बातमी होत नाही.

अंदाजाची यंत्रणा टप्प्याटप्प्याने उभी राहिली. १८७५ मध्ये हवामान विभागाची स्थापना झाली, तिच्यामागे कलकत्त्याला बसलेला १८६४ च्या चक्रीवादळाचा तडाखा आणि नंतरचे दुष्काळ होते. पहिली अनेक दशके तारेने आलेल्या निरीक्षणांवरून नकाशा काढायचा आणि अनुभवाने पुढचा अंदाज बांधायचा, अशी रीत होती. उपग्रहांनी समुद्रावरची आंधळी जागा उघडली. आज भूस्थिर कक्षेतील इन्सॅट-३डीआर आणि १७ फेब्रुवारी २०२४ रोजी सोडलेला इन्सॅट-३डीएस उपसागरावरच्या ढगांवर सतत लक्ष ठेवून असतात. २०१८ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ‘प्रत्यूष’ आणि नोएडात ‘मिहिर’ हे महासंगणक बसले. त्यांच्यावर बारा किलोमीटरच्या चौकटींचे प्रारूप चालू लागले. एकाच दिवसाचे थोड्या थोड्या वेगळ्या सुरुवातीपासून अनेक अंदाज काढून त्यांच्यातून शक्यता ठरवण्याची पद्धतही त्याच वर्षी दैनंदिन वापरात आली. मे २०२५ मध्ये पुण्याच्याच संस्थेने विकसित केलेली सहा किलोमीटर चौकटीची ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू झाली.

चौकट लहान झाल्याचा फायदा गोंदियासारख्या जिल्ह्याला थेट होतो. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यात जमीन एकसारखी नाही. तिरोडा आणि गोंदिया तालुक्यांचा भाग वैनगंगेच्या बाजूने सपाट आहे, तर सालेकसा, देवरी आणि अर्जुनी मोरगावकडे डोंगर आणि दाट जंगल आहे. दरेकशाच्या टेकड्यांवर आणि तिरोड्याच्या मैदानावर एकाच दिवशी पडणाऱ्या पावसात मोठी तफावत असू शकते. जुन्या, मोठ्या चौकटीत हा सगळा प्रदेश दोन-चार ठिपक्यांत संपून जात असे.

तरीही मर्यादा राहतातच, आणि त्या कुठे आहेत हे अंदाज वापरणाऱ्याला ठाऊक असणे गरजेचे आहे. चार-पाच दिवस आधी ‘उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार होईल’ एवढे आज बऱ्याच विश्वासाने सांगता येते. किनारा ओलांडल्यानंतरची वाट दोन दिवस आधी बरीच स्पष्ट होते. पण सर्वांत जोराच्या पावसाचा पट्टा अरुंद असतो. वाटेत पन्नास-शंभर किलोमीटरचा फरक पडला तर तोच पाऊस बालाघाटऐवजी गोंदियात किंवा गोंदियाऐवजी गडचिरोलीत पडतो. प्रदेशाच्या पातळीवर असा अंदाज बरोबर ठरतो आणि तालुक्याच्या पातळीवर चुकतो. प्रणाली किती वेळ थबकेल, हा तर त्याहून अवघड प्रश्न.

शेवटच्या काही तासांसाठी रडार लागते. गोंदियासाठी उपलब्ध मुख्य डॉप्लर रडार नागपूरला आहे. गोंदिया शहर तिथून सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर आणि सालेकसा त्याहून लांब. पृथ्वीच्या वक्रतेमुळे आणि किरण किंचित वर रोखलेला असल्यामुळे एवढ्या अंतरावर रडार जमिनीपासून सुमारे दोन किलोमीटर आणि त्यावरच्या ढगांनाच पाहते. उंच वाढलेले गडगडाटी ढग त्याला चांगले दिसतात. मात्र झडीच्या पावसातले बुटके ढग बरेचसे नजरेआड राहतात किंवा त्यांचा पाऊस कमी मोजला जातो. जिल्ह्याच्या पूर्व कडेला जवळून पाहणारे रडार असणे ही चैन नाही. पुढच्या तीन तासांच्या इशाऱ्यांचा नेमकेपणा त्याच्यावरच अवलंबून आहे.

इशाऱ्यांची भाषा काटेकोर आहे, पण ती लोकांपर्यंत अर्धवट पोहोचते. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार. महसूल खाते मंडळात ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टीची नोंद करते आणि नुकसानीचे पंचनामे त्यावर हलतात. हे चोवीस तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे मोजतात. म्हणून दहा तारखेची नोंद बहुतांशी नऊ तारखेच्या दुपारी आणि रात्री पडलेल्या पावसाची असते. १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे चार लाख लिटर पाणी, आणि शंभर चौरस किलोमीटरवर एक कोटी घनमीटर. हे प्रमाण डोळ्यांसमोर असले की नाल्यावरचा रपटा एका रात्रीत का दिसेनासा होतो ते कळते.

त्याहून अधिक गैरसमज ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांचा होतो. हवामान विभागाच्या परिभाषेत प्रदेशातील पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर तुरळक, निम्म्यापर्यंत असेल तर काही, पाऊण भागापर्यंत असेल तर बऱ्याच आणि त्यापुढे जवळपास सर्वच ठिकाणी. ‘गोंदिया जिल्ह्यात तुरळक ठिकाणी अतिमुसळधार’ या नारिंगी इशाऱ्याचा अर्थ असा की चारपैकी तीन गावांत तेवढा पाऊस न पडणेच अपेक्षित आहे. त्या तीन गावांत इशारा फोल ठरल्याची भावना होते आणि पुढच्या वेळी रंगाकडे दुर्लक्ष केले जाते. रंग पावसाच्या आकड्याचा नाही, तयारीचा आहे : पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. पाऊस किती, त्याची शक्यता किती आणि त्याचा परिणाम काय होईल, या तिन्हींचा विचार करून तो ठरतो. इशाऱ्याबरोबर ‘तुरळक’चा अर्थ गावच्या सूचनेत सांगितला तर अर्धा अविश्वास दूर होईल.

गोंदियाच्या पुराचा प्रश्न जिल्ह्याच्या सीमेत मावत नाही. वैनगंगा मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात उगम पावते, सिवनी आणि बालाघाट ओलांडते आणि मग गोंदियाच्या कडेने भंडाऱ्याकडे जाते. वाघ नदी गोंदिया आणि बालाघाट यांच्या सीमेवरून वाहत येऊन वैनगंगेला मिळते. म्हणून गोंदियात ऊन पडले असतानाही वैनगंगा फुगू शकते. २०२० मध्येही पाणी वरूनच आले. २८ आणि २९ ऑगस्टला छिंदवाडा, सिवनी, बालाघाट या भागांत प्रचंड पाऊस झाला, वरची धरणे भरली आणि त्यांतून पाणी सोडावे लागले. सिवनीतील भीमगडचे संजय सरोवर हे त्यांतले महत्त्वाचे धरण. ते पाणी, खोऱ्यातल्या ओढ्यानाल्यांचे पाणी आणि पेंच-कन्हानचे पाणी खाली एकत्र आले. गोसीखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडले गेले. गोंदियातील नदीकाठच्या गावांपासून भंडारा, ब्रह्मपुरी, वडसा आणि गडचिरोलीपर्यंत पाणी पसरले.

त्या पुरानंतर वारंवार चर्चेत आलेला मुद्दा म्हणजे दोन राज्यांतील माहितीची देवाणघेवाण. नदीला वरून खाली यायला वेळ लागतो. सिवनीतून सुटलेले पाणी सखल काठांवर पोहोचेपर्यंत काठच्या लोकांना तयारी करता येईल एवढा अवधी असतो. पावसाचा अंदाज अनिश्चित असतो. वर पडून गेलेला पाऊस आणि धरणातून सुटलेले पाणी मात्र मोजता येते. केंद्रीय जल आयोग वैनगंगेच्या खोऱ्यात पातळी आणि प्रवाह मोजतो. वाघ नदीवर राजेगाव येथे त्याचे केंद्र आहे. पुराच्या इशाऱ्यात सर्वांत भरवशाचा भाग हाच, आणि सर्वांत जास्त वेळ वाया जातो तोही इथेच, एका राज्याच्या नियंत्रण कक्षातून दुसऱ्या राज्यातील तलाठ्यापर्यंत आकडा पोहोचण्यात. पाऊस मोजण्याच्या कामात मात्र राज्याने मोठी मजल मारली आहे. २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पाखाली महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली गेली.

जिल्ह्यातील धरणे आणि तलाव पुराला दोन वेगळ्या रीतींनी सामोरे जातात. वाघ प्रकल्पातील पुजारीटोल्यासारख्या दरवाजे असलेल्या धरणात अंदाज पाहून आधीच पाणी सोडता येते. पण अंदाज हुकला तर रब्बीचे पाणी गेले, हा धोका अभियंत्याच्या माथी असतो. गाढवी नदीवरील इटियाडोह भरला की सांडव्यावरून आपोआप वाहू लागतो. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, यांची कथा आणखी निराळी. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. त्यांतले अनेक कोहळी समाजाच्या पाणीज्ञानातून शेकडो वर्षांपूर्वी बांधले गेले. नवेगाव बांध हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध नाव. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव शासनाकडे आले आणि त्यांची नियमित देखभाल मागे पडली. गाळाने साठा घटला, पाळी खचल्या, सांडव्यांवर अतिक्रमणे झाली. तलावांची साखळी असेल तर वरची पाळ फुटल्यावर खालच्या तलावावर एकदम लोंढा येतो. इथे अतिवृष्टीच्या अंदाजाचा उपयोग पाळीवर माणसे ठेवण्यापुरता आणि सांडवा मोकळा करण्यापुरताच उरतो. खरे काम उन्हाळ्यात करायचे असते.

२०२४ च्या सप्टेंबरमधील घटना या सगळ्याचे अलीकडचे उदाहरण आहे. ९ सप्टेंबरला तीव्र डिप्रेशनने पुरीजवळ किनारा ओलांडला आणि ते छत्तीसगडकडे सरकले. पुरी ते गोंदिया हे अंतर सरळ रेषेत सुमारे ६०० किलोमीटर. ताशी पंधरा-वीस किलोमीटरच्या चालीने केंद्राला जिल्ह्याच्या आसपास यायला सुमारे दीड दिवस लागतो. पण पावसाचा पट्टा केंद्राच्या शेकडो किलोमीटर पुढे चालतो. त्यामुळे ९ आणि १० सप्टेंबरलाच गोंदिया, भंडारा आणि गडचिरोलीत अतिवृष्टी होऊन रस्ते बंद पडले. किनारा ओलांडल्याची बातमी येईपर्यंत थांबणाऱ्याला तयारीसाठी एक रात्रही मिळत नाही. गोंदियासाठी हालचाल सुरू करण्याची खरी वेळ म्हणजे प्रणाली अजून समुद्रावर असताना.

तापत्या समुद्रांमुळे हे चित्र बदलते आहे. १९७० नंतरच्या दशकांत पावसाळी डिप्रेशनांची संख्या घटली, कमी दाबाच्या साध्या क्षेत्रांचे प्रमाण वाढले. तरीही मध्य भारतातील अतितीव्र पावसाच्या घटना वाढल्या. बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १९५१ ते २००० या काळातील नोंदींवरून ही वाढ दाखवली. पुण्याच्या संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडले की १९५० ते २०१५ दरम्यान मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावर होणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या लाटा आहेत. म्हणजे प्रणाली दुबळी दिसली तरी तिला मिळणारे पाणी वाढलेले आहे. वाऱ्याच्या वेगावर धोका जोखण्याची सवय यापुढे अधिकच फसवी ठरणार.

अंदाजाचा शेतीतला उपयोग पिकाच्या अवस्थेप्रमाणे बदलतो. मृगाच्या सुमारास पऱ्हे टाकले जातात. त्यांच्यावर मोठा पाऊस झाला तर बी वाहून जाते किंवा कुजते. रोवणीला मात्र जोराचा पाऊस हवाच असतो, बांधीत चिखल झाल्याशिवाय रोवणा होत नाही. रोवणी होऊन गेलेले रोप एक-दोन दिवस बुडाले तर सावरते, आठवडाभर बुडाले तर सडते. खत टाकल्यावर किंवा फवारणीनंतर मुसळधार पाऊस आला तर पैसा वाहून जातो. तो वाचवण्यासाठी तीन-चार दिवसांचा अंदाज पुरतो. पूर्व विदर्भासाठी सिंदेवाहीच्या विभागीय कृषी संशोधन केंद्रातून हवामानावर आधारित कृषिसल्ला दिला जातो. ‘मेघदूत’ या मोबाइल अॅपवर असा सल्ला मिळतो आणि ‘दामिनी’वर विजेचा इशारा. रोवणीच्या वेळी मोकळ्या बांधीत वाकून काम करणाऱ्या बायामाणसांसाठी विजेचा अर्ध्या तासाचा इशारा जिवाचा असतो, आणि तो नेमका मोबाइल हाताशी नसलेल्यांपर्यंत पोहोचवावा लागतो.

ऑक्टोबरमध्ये मोसमी पाऊस परततो आणि धोक्याचे रूप पालटते. वरच्या वाऱ्यांची ओढाताण कमी होते, उपसागर अजून तापलेला असतो आणि खरी, नाव असलेली चक्रीवादळे तयार होतात. १२ ऑक्टोबर २०१३ चे ‘फायलिन’ गोपालपूरला आणि बरोबर वर्षाने, १२ ऑक्टोबर २०१४ रोजी, ‘हुदहुद’ विशाखापट्टणमला धडकले. दोन्हींचे अवशेष छत्तीसगडातून उत्तरेकडे वळले. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी आंध्र किनाऱ्यावर आलेल्या ‘मोंथा’चे अवशेष मात्र पूर्व विदर्भ आणि दक्षिण छत्तीसगडवर आले. त्या दिवसांत हलके धान कापून कडपा बांधीत पसरलेल्या असतात, मध्यम धान कापणीला येते आणि काही ठिकाणी पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग, लागलेली असतात. पुरासारखे पाणी लागत नाही. दोन दिवसांची रिपरिप पुरते. ओल्या कडपांना कोंब फुटतात, दाणा काळा पडतो, आणि आधारभूत खरेदी केंद्रावर सतरा टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असलेले धान घेतले जात नाही. या वादळांचा मार्ग आणि वेळ चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी कळते. तेवढ्या अवधीत उभे धान कापायचे थांबवता येते, कापलेले बांधून उंचवट्यावर रचता येते आणि ताडपत्रीची सोय करता येते.